पासंगकाकांची गोणी

ही गोष्ट पहिल्यांदा कुजबुजली गेली ती कोपऱ्यावरच्या केस कापण्याच्या दुकानात, आणि तिथे कुजबुजलेली गोष्ट म्हणजे दवंडीच. गोष्ट अशी, की पासंगकाकांच्या पलंगाखाली एक गोणी आहे. दर रविवारी सकाळी ते ती स्वतः उचलतात, कुणाला हात लावू देत नाहीत, गाडीमागच्या होडीत नेऊन ठेवतात, तळ्यावर जातात आणि संध्याकाळी तीच गोणी तश्शी परत घरात आणतात. बरं, एवढ्यावर थांबेल तर ती अफवा कसली! नेण्याआधी आणि आणल्यावर, पडदा ओढून, ते तिचं वजन करतात.

आता माणूस घरातल्या घरात वजन कशाचं करतो? बटाट्यांचं कुणी दोनदा करत नाही. आणि हा माणूस कोण, तर वजनमापं खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होता. सगळेच दुकानदार काही दंड भरून सुटले नसणार, असं ज्याला त्याला आपोआप सुचलं. सुतावरून स्वर्ग गाठायला गल्लीला वेळ लागत नाही. गोणीत सोनं आहे, हे आठवड्याभरात ठरून गेलं. वाद उरला तो फक्त बिस्किटं की दागिने, एवढाच.

"घरात ठेवायची भीती वाटते, म्हणून फिरायलाही बरोबर नेतात," वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. "पापाला झोप नसते."

तर हे पासंगकाका.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, बाकी कुठेच नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. दुकानात शिरायचं, नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता तराजूचं पारडं उचलायचं, त्याच्या बुडाखालून बोट फिरवायचं आणि विचारायचं, "पासंग कुठाय?" पासंग म्हणजे हलक्या पारड्याला चिकटवतात तो मेणाचा गोळा, नाहीतर सुतळीने बांधलेला खडा. साधा दुकानदार तो तराजू सारखा करायला लावतो, आणि संधिसाधू दुकानदार तराजू आपल्याकडे झुकवायला लावतो. काकांच्या लेखी दोघेही चोर. दांडी आडवी, काटा मधोमध, आणि कुठेही काहीही चिकटवलेलं नाही, याला ते न्याय म्हणत. इतरांनी त्याला काकांचं वेड म्हटलं आणि त्यांचं नाव पासंग ठेवलं. निवृत्त झाल्यावर त्याला 'काका' जोडलं, इतकाच काय तो सन्मान.

गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. बावीस वर्षांपूर्वी काकांनी या शेठच्या पारड्याखालून सुपारीएवढं मेण काढलं होतं, भर गर्दीत, बोटावर धरून सगळ्यांना दाखवत. शेठ तेव्हापासून काकांशी अतिशय गोड बोलत. इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी विसरलेला नसतो.

घरी काकांचा कारभार वेगळा नव्हता. पाहुण्याची बॅग आत घेण्याआधी ते ती हातात तोलून आकडा सांगत. साध्या 'हो'ला दोन दिवस लागत, कारण एका पारड्यात 'हो' टाकला की दुसऱ्यात 'पण' टाकायचाच. पंखा घ्यायला त्यांनी दोन उन्हाळे लावले होते. काकू म्हणायच्या, "आमच्या यांचा काटा मधोमध असतो. म्हणजे तो कुठेच जात नाही."

आणि या काकूंची एक होडी होती.

होडी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. त्या त्यांना आबा म्हणत. आबा सुतार होते. साडेतीन मीटरची लाकडी होडी, दोन वल्ही, आणि ती वाहून न्यायला दोन चाकांचा ट्रेलर. काकू वयाच्या सातव्या वर्षी वल्हं मारायला शिकल्या होत्या, चालत्यापेक्षा वल्हवत्या त्या जास्त डौलदार दिसत, असं त्या स्वतःच सांगत. आबा गेल्यावर होडी लेकीकडे आली आणि मागच्या शेडमध्ये जाऊन बसली. अकरा वर्षं! तिच्यात जुनी वर्तमानपत्रं ठेवली गेली, मग रिकामे डबे, मग मोडकी छत्री. तळं तीस किलोमीटरवर, आणि ट्रेलर ओढायला गाडी नाही. काका गाडी 'बघत' होते. अकरा वर्षं बघत होते.

लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की वाळते, फळ्या आक्रसतात, सांधे उघडे पडतात. त्या वर्षी काकूंनी एक दिवस शेडमध्ये जाऊन होडीच्या तळाला डोळा लावला, तर पलीकडचा उजेड दिसला.

नेमका त्याच आठवड्यात मेहुणा आला. म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक भलीमोठी, काळी, चारी चाकांनी चालणारी गाडी होती. एकदा तिला चिखल लागला होता, तो त्याने महिनाभर धुतला नव्हता, लोकांना दिसावा म्हणून.

"ताई, होडी मला दे," तो म्हणाला. "मधोमध कापतो, उभी करतो, आत आडव्या फळ्या ठोकतो. दिवाणखान्यात शेल्फ! हल्ली फार चालतं. वर एक दिवा सोडायचा."

"आबांची होडी कापणार?" काका म्हणाले.

"भावोजी, इथे कुजण्यापेक्षा बरी. निदान तिच्यावर पुस्तकं तरी राहतील."

"तू पुस्तकं कधीपासून वाचायला लागलास?"

"वाचायची कुठे आहेत? ठेवायची आहेत."

  तिसऱ्या दिवशी काकू चहाचा कप काकांसमोर ठेवत म्हणाल्या, "अहो, पाच रविवार आहेत. पाचव्या रविवारी होडी पाण्यात गेली तर गेली. नाहीतर सोमवारी भाऊ करवत घेऊन येईल, आणि शेडचं दार मी स्वतः उघडून देईन. मग मला समजवायला येऊ नका."

काकांनी कपाकडे पाहिलं. चहा नेहमीपेक्षा कमी होता. प्रकरण गंभीर होतं.

त्यांनी कागद घेतला. होडी आणि ट्रेलर मिळून दोनशे ऐंशी किलो. तीस किलोमीटर जाणं, तीस येणं. तळ्याजवळ थोडा कच्चा रस्ता आणि पाण्यापर्यंत एक उतार. एवढ्यासाठी काही रणगाडा लागत नाही. पण गाडी घ्यायची म्हटली की माणसाच्या गरजा त्याच्यापेक्षा शेजाऱ्यांना जास्त कळतात. केस कापणारा म्हणाला, "डिझेलशिवाय ओढ नाही." शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "उंच घ्या, पूर आला तर?" मेहुणा म्हणाला, "भावोजी, माझ्यासारखी घ्या," आणि हे तो सगळ्याच बाबतींत म्हणत असे.

पहिल्या रविवारी काका जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे गेले. बरोबर त्यांची जुनी कातडी पिशवी होती. आत भिंगाचा आरसा, टेप, जाडी मोजायचा चिमटा, लोहचुंबक आणि स्प्रिंगचा काटा. विक्रेत्याच्या आवारात रंगीत पताका, प्रत्येक गाडीला पॉलिश असं, की काच कुठली आणि पत्रा कुठला ते कळू नये. त्याने काकांना एका पांढऱ्या उंच गाडीपुढे उभं केलं.

"काका, डोळे मिटून घ्या! हत्ती ओढेल ही, हत्ती!"

"किती किलोचा?" काकांनी विचारलं.

"काय?"

"हत्ती. किती किलोचा धरलाय?"

विक्रेता हसला. काका हसले नाहीत. त्यांनी दरवाजा उघडून आतल्या चौकटीवरची कंपनीची पट्टी वाचली, तिथे ओढायचं वजन लिहायच्या जागी आडवी रेघ होती. मग ते सदऱ्याची फिकीर न करता मागे आडवे झाले आणि आरसा खाली सरकवला.

"हा हूक कशाला धरलाय?"

"बंपरला."

"आणि बंपर कशाला?"

विक्रेत्याने आकाशाकडे पाहिलं. "क्लिपांना."

"म्हणजे हत्ती ओढताना हत्ती जागेवर राहणार, बंपर त्याच्यापाशी राहणार, आणि आपण पुढे."

"हूक शोभेला असतो हो, काका. गाडी दमदार दिसते."

काकांनी वहीत लिहिलं: 'पासंग, तोही मागून.' आणि घरी आले.

दुसऱ्या रविवारी एका तरुणाची गाडी बघितली. ती तर गिर्यारोहणाचं दुकानच होती. वर मांडव घालायची सोय, पुढे आठ दिवे, मागे शिडी, बाजूला फावडं, आणि काचेवर डोंगरांची इतकी चित्रं चिकटवलेली, की खऱ्या डोंगराचा रस्ता दिसायची पंचाईत. फावड्यावर किमतीचं लेबल तसंच होतं.

"कुठे कुठे नेलीत?" काकांनी विचारलं.

"खूप ठिकाणी! तसे... फोटो काढायला."

काकांनी किलोमीटरचा आकडा बघितला. तीन वर्षांत सहा हजार. त्यातले निम्मे धुवायला नेताना झाले असावेत. त्यांनी लोहचुंबक दाराला लावलं, ते टपकन खाली पडलं. दार निम्मं पुट्टीचं होतं, कशावर तरी आपटलेलं.

"हे कुठल्या डोंगरावर?"

"पार्किंगमध्ये," तरुण प्रामाणिकपणे म्हणाला. "खांब होता."

काकांनी मांडव, शिडी, दिवे, फावडं यांच्या वजनांची बेरीज केली आणि गाडीला परवानगी असलेल्या वजनातून ती वजा केली. उरलं ते दोन माणसं आणि एक पाण्याची बाटली. "बाळा," ते म्हणाले, "हिला स्वतःची हौसच ओढवत नाहीये. होडी कुठून ओढेल?"

तिसरा रविवार पावसात गेला. काकू शेडमध्ये गेल्या, होडीतली वर्तमानपत्रं काढली, डबे काढले आणि मोडकी छत्री बाहेर फेकली. होडी रिकामी करत होत्या. ती पाण्यासाठी की करवतीसाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. त्या रात्री मात्र काकांना पहिल्यांदाच काटा मधोमध असण्याची लाज वाटली.

चौथ्या रविवारी ते गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई साठीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि त्यांची गाडी लांबुडकी, दहा वर्षांची, चहात भिजलेल्या बिस्किटाच्या रंगाची. हिच्यामागे ट्रेलर लावून त्या आजारी वासरं आणत-नेत. आता दवाखान्याने मोठी व्हॅन घेतली होती.

"आधी वाईट सांगते," बाई म्हणाल्या. "मागचं डावं दार आतून उघडत नाही. चढावर पंखा ओरडतो. आणि वास येतो. वासरांचा. तो जाणार नाही, उगाच अत्तरं ओतू नका, मग अत्तर लावलेल्या वासराचा येतो."

काका जागच्या जागी थिजले. चौतीस वर्षांत विकणाऱ्याने स्वतःहून समोरच्या पारड्यात वजन टाकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. सवयीने ते तरी आडवे झाले. हूक थेट सांगाड्याला, जाड बोल्टांनी पक्का. हुकाचा गोळा ग्रीस लावलेला आणि वरून झिजून चकचकीत. चिमट्याने मोजला: पन्नास मिलिमीटरचा एकोणपन्नास पूर्णांक सहा झाला होता. चालण्यासारखा. आयुष्यभर घासलेलं वजन सापडलं की काकांनी दंड ठोकला होता. घासलेला हूक मात्र गुन्हा नव्हे, साक्ष होती. बॉनेटवर हात ठेवला, गार. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेली नव्हती. किल्ली फिरवली, पहिल्या फटक्यात सुरू झाली. देखभालीची वही पूर्ण भरलेली आणि एका पानावर शेणाचा अंगठा. इतकी अस्सल मोहर काकांनी सरकारी कागदावरही पाहिली नव्हती.

"एक लक्षात ठेवा," बाई किल्ली देताना म्हणाल्या, "वासरू नेहमी पुढच्या बाजूला बांधायचं. मागे बांधलंत तर सगळं नाचतं."

"आमची होडी आहे," काका म्हणाले. "ती लाथा मारत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि किल्ली हातावर ठेवली. गुरांच्या डॉक्टरांना न बोलणाऱ्या पेशंटची सवय असते आणि न ऐकणाऱ्याचीही.

चाळीस मिनिटांत काकांनी गाडी घेतली. अकरा वर्षं आणि चाळीस मिनिटं! काकूंनी दार उघडलं, समोर भिजलेलं बिस्किट उभं. त्या आत बसल्या, एक दीर्घ श्वास घेतला आणि काच खाली केली.

"कुणाची होती?"

"वासरांची."

"छान आहे," काकू म्हणाल्या, आणि तोंड दुसरीकडे वळवलं. वासामुळे असेल.

इथपर्यंत काकांचं सगळं बरोबर चाललं होतं. पण चौतीस वर्षांची नोकरी माणसाला पेन्शनबरोबर थोडा मूर्खपणाही देते, आणि तो तहहयात असतो.

मंगळवारी काकांनी ट्रेलर अंगणात काढला. दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे तराजूच की! मध्ये आस, पुढे दांडा, मागे शेपूट. आबांनी होडी चांगली पुढे सरकवून ठेवली होती, त्यामुळे दांडा जमिनीला नाक टेकून बसे आणि उचलायला जोर लागे. काकांना ते बघवेना. त्यांनी होडी तसू तसू मागे सरकवली. दांडा हलका झाला, आणखी हलका झाला, आणि शेवटी अधांतरी, आडवा, नितळ उभा राहिला. काटा मधोमध. काकांनी तो एका बोटाने उचलून दाखवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आबा होडी पुढे ठेवायचे," काकू म्हणाल्या.

"आबांकडे मोजमाप नव्हतं."

"दुसरं काही असेल."

"अगं, हे बघ." काकांनी गाडीची पुस्तिका उघडली. "काय लिहिलंय? हुकावर जास्तीत जास्त पंचाहत्तर किलो. जास्तीत जास्त! म्हणजे जितकं कमी तितकं कायदेशीर. आणि शून्यापेक्षा कायदेशीर काय असतं?"

होडीचं नाक जिथे टेकतं, तो लोखंडी खांब ट्रेलरवर पुढेमागे सरकायचा. जे सरकतं ते फसवतं, हा काकांचा सिद्धांत. त्यांनी वेल्डिंगवाल्याला बोलावून तो खांब नव्या जागी कायमचा जोडून टाकला. वर पांढऱ्या रंगाने तारीख घातली. शिक्का मारायचा तेवढा राहिला.

काकूंनी आपलं काम केलं. होडीत पाणी भरून तीन दिवस ठेवलं, फळ्या फुगून सांधे मिटावेत म्हणून. शनिवारी पाणी काढून टाकलं. आता तळातून उजेड दिसत नव्हता.

पाचवा रविवार उजाडला. सकाळी आठला वरात निघाली. पुढे भिजलेलं बिस्किट, मागे होडी, आणि त्याच्यामागे मेहुण्याची काळी गाडी. तो 'मदतीला' येत होता. त्याच्या खिशात टेप होता, शेल्फची उंची घ्यायला.

गल्लीतून, बाजारातून, शाळेपर्यंत सगळं ठीक. मग मोठा रस्ता लागला, आणि पुढे लांब उतार. काकांनी साठचा वेग गाठला, आणि गाडीच्या शेपटीला कुणीतरी हलकेच धरून हलवल्यासारखं झालं. एकदा डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, जरा जास्त. आरशात होडी नकार देणाऱ्या माणसासारखी मान हलवत होती.

"अहो!"

"सरळच धरलंय!"

"ब्रेक नको! ब्रेक दाबू नका! पाय नुसता काढा!" काकू ओरडल्या. आबांच्या शेजारी बसून ऐकलेलं कुठल्या कुठून वर आलं होतं. काकांनी पाय काढला. होडी आणखी दोनदा हेलपाटली, मग एकदा, आणि मग थकून सरळ झाली. काकांनी गाडी कडेला घेतली. 

मागून मेहुणा आला. त्याचा चेहरा दुःखी होता आणि पावलं उड्या मारत होती.

"मी म्हटलं नव्हतं? तुमची गाडी हलकी, भावोजी. ताई, बस्स आता. होडी माझ्या गाडीला लावू, परत नेऊ, उद्या सुतार येईल. उगाच जीव जाईल कुणाचा."

काकू होडीपाशी गेल्या, काठावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "लाव."

काकांनी ते ऐकलं. आपण भर गर्दीत मेण दाखवलं तेव्हा शेठला कसं वाटलं असेल, हे त्यांना बावीस वर्षांनी कळलं. 

मेहुण्याने ऐटीत आपल्या गाडीच्या मागचं चौकोनी झाकण काढलं. आणि तिथेच वाकून राहिला. झाकणामागे गोळा नव्हता, दांडी नव्हती, साधा बोल्ट नव्हता. एक भोक होतं, आणि त्यात कोळ्याने घर केलं होतं. बडा घर, पोकळ वासा!

"अरे, हूक कुठाय?" काकूंनी विचारलं.

"असतो ना... म्हणजे वेगळा घ्यावा लागतो वाटतं..."

तेवढ्यात मागून एक डबडी व्हॅन आली आणि थांबली. तिच्यामागे पोत्यांनी भरलेला छोटा ट्रेलर. ठोक बाजारातून माल घेऊन येणारे शेठ खाली उतरले. त्यांनी होडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग ट्रेलरचा दांडा हुकावरून सोडवला आणि एका बोटाने उचलला. अगदी एका बोटाने. त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पसरला, तो बावीस वर्षं वाट बघितल्याशिवाय कुणाच्या चेहऱ्यावर पसरत नाही.

"साहेब," ते साखरेत घोळून म्हणाले, "काटा अगदी मधोमध आहे."

"असायलाच हवा."

"तराजूचा, साहेब. ट्रेलरचा नाही. ट्रेलरचं नाक जड पाहिजे. पुढच्या गाडीवर त्याने थोडं रेलायला हवं, नाहीतर मागचा पुढच्याला हलवतो. माझी पोती बघा, सगळी पुढे. होडी पुढे घ्या."

काकांनी त्या जोडलेल्या खांबाकडे पाहिलं. पांढऱ्या तारखेकडे पाहिलं. "ती... सरकत नाही," ते म्हणाले.

शेठनी आधी हात झटकून स्वच्छ केले. घाई करून असला क्षण वाया घालवतात ते वेगळे. मग दोन्ही हात जोडून म्हणाले, "मग साहेब, पासंग ठेवा."

काकू रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मेहुण्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

शेठनी आपल्या ट्रेलरमधून मिठाची एक गोणी उचलली. वर छापलं होतं, वीस किलो. ती त्यांनी काकांच्या पायापाशी ठेवली. "मोजून घ्या. तुम्ही मोजणारच."

काकांनी खरंच पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला. गोणी टांगली. "वीस किलो दोनशे."

"दोनशे गोणपाटाचे," शेठ म्हणाले. "मी धरत नाही. आता नाही धरत."

गोणी होडीच्या अगदी नाकात ठेवली. काकांनी दांडा काट्याला टांगून नाकावरचा भार बघितला: सतरा किलो. दांडा पुन्हा हुकावर बसवला, तेव्हा तो ठामपणे खाली बसला, जसा आबांच्या वेळी बसायचा. काका शेठना म्हणाले, "ते मेण... त्या दिवशी भर गर्दीत दाखवायला नको होतं."

"तुम्ही ठेवलंय का अजून ते?" शेठनी विचारलं. "असतं तर इथे लावलं असतं."

पुढचा उतार होडी एखाद्या शहाण्या वासरासारखी मागे मागे आली. तळ्यावर काकूंनी ती पाण्यात सोडली, वल्ही घेतली, आणि दहा हात लांब गेल्यावर त्यांच्या पाठीतलं पासष्ट वर्षांचं वाकणं कुठे गेलं कुणास ठाऊक. काका समोर बसून डब्याने पाणी उपसत होते आणि डबे मोजत होते. त्र्याऐंशीव्या डब्यानंतर पाणी येणं कमी झालं. काठावर मेहुणा टेपने गवत मोजत उभा होता.

घरी आल्यावर काका म्हणाले, "उद्या वेल्डिंगवाल्याला बोलावतो. तो खांब कापून टाकू."

"खबरदार!" काकू म्हणाल्या. "तो तसाच राहील. आणि दर रविवारी पासंग तुम्ही स्वतः ठेवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

निकाल लागला होता. काकांनी अपील केलं नाही. मीठ मात्र त्यांनी परत केलं, कारण मीठ हवेतली ओल पितं आणि वजन बदलतं. त्याऐवजी चाळून, उन्हात वाळवून दुसरा माल भरला. तोही दवाने भिजून जड होऊ नये म्हणून गोणी पलंगाखाली आली. वजन नेण्याआधी एकदा आणि आणल्यावर एकदा, कारण तळ्याचे शिंतोडे. आणि पडदा यासाठी, की वाऱ्याने काटा हलतो.

गल्लीत विचारणा सुरू झाली तेव्हा लोक शेठकडेच गेले, कारण त्या दिवशी रस्त्यात ते होते. शेठना सगळं माहीत होतं. त्यांनी दुकानाच्या फळीवर हात टेकले, डावीउजवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या तोंडून काही वदवू नका. साहेबांचं नाव मोठं आहे." आणि गिऱ्हाइकाला चिमूटभर साखर जास्तच घातली. त्यानंतर सोनं झालं, बिस्किटं झाली, दागिने झाले.

गोणीत वाळू होती. वीस किलो. ट्रेलरचं नाक हलकं होतं, म्हणून.